फळा काढून ठेवा, परिसंवाद आहे

आमच्या शाळेत आठवी, नववी आणि दहावी हे तीन वर्ग एका रांगेत होते आणि त्यांच्या मध्ये भिंती नव्हत्या, लाकडी पार्टिशनं होती. ती काढली की तीन वर्गांचा मिळून एक लांबलचक हॉल व्हायचा. हैदराबादेतल्या समस्त मराठी समाजाला भाषणं ठोकायला हा हॉल फुकट मिळायचा. ज्यांनी शाळा बांधली त्यांनी फार दूरचा विचार केला होता, असं आम्हाला दर वर्धापनदिनी सांगण्यात येई. जवळचा विचार तेवढा राहून गेला होता. वर्गांचे फळे त्या पार्टिशनांवरच ठोकलेले होते. भाषण आलं की पार्टिशन जायचं आणि पार्टिशनबरोबर फळाही जायचा.

मी दहावीला गणित शिकवायचे. फळ्याशिवाय गणित कसं शिकवतात हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

एरवी हे चालून जायचं. गणेशोत्सव, एखादी व्याख्यानमाला, कुणाची तरी एकसष्टी, एवढ्यावर वर्ष निघायचं. पण मग ती उदारीकरणाची वर्षं आली. हिमायतनगरात एका इमारतीआड एक कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या पाट्या लागल्या, घरोघरी केबल आली, आणि ज्यांची मुलं शिकून केव्हाच हाताशी आली होती अशा लोकांना शिक्षणाची काळजी वाटायला लागली. बरं, काळजी वाटली तर घरी बसून वाटू द्यावी. पण नाही, ती चारचौघांत, माइकवरून वाटायला हवी. शिक्षणाचं आता होणार काय, हा प्रश्न दर पंधरवड्याला कुणाला तरी पडायचा आणि पडला की आमच्याच हॉलमध्ये पडायचा.

‘शिक्षण ज्ञानासाठी की नोकरीसाठी?’ झालं. ‘संगणक आला, शिक्षक गेला?’ झालं. ‘मातृभाषा: आधार की अडसर?’ झालं. ‘एकविसावं शतक आणि आपण’ तर तीनदा झालं, कारण त्याचा अर्थ काय ते कुणालाच नीट कळलं नव्हतं. प्रत्येक वेळी संस्थेच्या चिटणिसांचा निरोप घेऊन शिपाई वर्गात यायचा. निरोप ठरलेला असायचा: फळा काढून ठेवा, परिसंवाद आहे.

चिटणीस म्हणजे निवृत्त वकील. जुन्या हैदराबादी घरातले, त्यामुळे त्यांच्या मराठीत दख्खनी उर्दू वरणात हिंग असावा तशी असायची. मी कुरकुरले की म्हणायचे, “कायकू परेशान होता, बाई? उद्या लागतं पार्टिशन.” सुतारही तेच म्हणायचा, “कल लगा देतूं, मॅडम.” आणि आमच्या गावात ‘कल’ हा किती लवचीक दिवस आहे ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. गुरुवारी निघालेलं पार्टिशन पुढच्या बुधवारी लागलं तर मी सुताराला चहा पाजायचे. तोवर आठवी-नववीला सुट्टी आणि दहावी व्हरांड्यात.

व्हरांड्यात शहाबादी फरशी होती. तिच्यावर खडू बरा उठतो, हा मी त्या काळात लावलेला एकमेव शोध. मी गुडघ्यांवर बसून फरशीवर वर्तुळ काढायचे, मुलं कोंडाळं करून उभी राहायची, आणि मागचे म्हणायचे, दिसत नाही. पलीकडे पाण्याचे नळ. कुणी हात धुतले की स्पर्शिका वाहून जायच्या. संध्याकाळी शिक्षणाच्या भवितव्यासाठी तळमळणारी मंडळी बूट वाजवत त्या व्हरांड्यातून आत जायची, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वर्तुळांवर त्यांचे तळवे उमटलेले असायचे.

त्या वर्षी दहावीत एक मुलगी होती. घर नांदेडकडचं, बौद्ध. वडील आबिड्सच्या मोठ्या पोस्टात नोकरीला. राहायला कुकटपल्लीच्याही पुढे. दोन बस बदलून यायची आणि तरी प्रार्थनेच्या आधी हजर असायची. ‘शिक्षण कशासाठी?’ हा प्रश्न तिच्या घरात कुणाला कधी पडला असेल असं मला वाटत नाही. त्या घरात ते श्वास घेण्याइतकं ठरलेलं होतं. मुलगी बाकीच्या विषयांत चांगली, आणि सहामाहीला गणितात नापास.

वडील भेटायला आले. ऑफिसचे कपडे, हातात डबा. म्हणाले, “बाई, हिला नर्सिंगला जायचंय. गणितात गेली तर काय करायचं ते सांगा. आमच्या भागात तेलुगूत क्लास हाईत, इंग्रजीत हाईत. मराठीत कोण शिकवणार हिला?”

खरंच होतं ते. एवढ्या मोठ्या शहरात शाळेबाहेर मराठीतून दहावीचं गणित शिकवणारा एकही क्लास मला ठाऊक नव्हता. मार्चमध्ये सुटली तर सुटली. नाही तर घरी बसून, आपलं आपण, ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट बघायची. अशा घरी बसलेल्या मुली पुढे काय करतात ते मी पाहिलेलं होतं. बहुतेक त्या घरीच बसतात.

तिची अडचण माझ्या लक्षात आली होती. ती पाठ करणाऱ्यातली नव्हती. वहीत बघून तिला काही म्हणजे काही उमगायचं नाही. पण फळ्यापाशी उभी केली, खडू हातात दिला आणि “हं, सांग आता सगळ्यांना” म्हटलं, की तिला एकेक पायरी सुचायची. बोलत बोलत, पुसत पुसत प्रमेय सिद्ध करायची आणि शेवटी स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघायची. मला ते बघायला फार आवडायचं. शिकवण्यात जी काही थोडी मजा असते ती ही. फरशीवर मात्र ती बसेना. “बाई, इथं नको ना. येणारे-जाणारे बघतात.” आता सोळा वर्षांची मुलगी चारचौघांत गुडघ्यांवर बसून फरशीवर रेघोट्या ओढायला लाजणारच. मलाच पन्नाशीत लाज वाटत होती.

जानेवारीत चिटणिसांनी आनंदाची बातमी आणली. विषय इतका पेटलेला होता की आता सुटेसुटे परिसंवाद नकोत, सलग मालाच होणार. मार्चअखेरपर्यंत, दर शनिवारी. आणि मग दर वेळी काढ-घाल कशाला? पार्टिशन आता थेट एप्रिलमध्येच लावायचं.

मी म्हटलं, “अहो, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे!”

“हौ, मालूम आहे.”

“मग दहावीनं शिकायचं कुठं?”

“तुमचा व्हरांडा आहे की. हवेशीर.” मग जरा गंभीर होऊन म्हणाले, “बाई, हे सगळं आपल्या शिक्षणासाठीच चाललंय ना? थोडा त्याग तुम्हीही करा.”

माझं टाळकंच सरकलं. पण त्यांच्या शेजारी पुण्याहून बदलून आलेले एक साहेब बसले होते. कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, टायवाले, मालेचे प्रमुख वक्ते. मातृभाषेवर बोलताना त्यांचा गळा दाटून यायचा. मुलं अर्थातच कॉन्व्हेंटमध्ये होती, कारण गळा दाटणं वेगळं आणि मुलांची ॲडमिशन वेगळी. ते मला समजुतीच्या स्वरात म्हणाले, “मॅडम, तुम्ही फळ्यात अडकू नका. येत्या पाच वर्षांत फळा हा प्रकारच शिल्लक राहणार नाही.”

मी म्हटलं, “आमच्याकडे तो आत्ताच शिल्लक नाही. आम्ही तुमच्या पुढे आहोत.”

ते हसले. त्यांना वाटलं मी कौतुकच केलं.

मुख्याध्यापकांकडे जाऊन उपयोग नव्हता. त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते आणि ते त्यांना शांततेत काढायचे होते. घरी आले, भांडी आपटली, जेवले नाही. शनिवार आला आणि मालेचं उद्घाटन आमच्या काढलेल्या फळ्यांच्या जागी दणक्यात झालं.

आता आपल्या मराठी कार्यक्रमांची एक रीत इथं सांगायला हवी. अध्यक्षांचं भाषण शेवटचं. त्यांच्यानंतर कुणी बोलायचं नाही, शंका विचारायची नाही. अपवाद एकच: आभारप्रदर्शन. ते अध्यक्षांच्याही नंतर होतं आणि ते मध्येच थांबवायची सोय आपल्या लोकांनी कुठल्याही घटनेत ठेवलेली नाही. अध्यक्षसुद्धा हार मांडीवर घेऊन मुकाट ऐकतात. हे काम नेहमी शाळेतल्या एखाद्या बाईच्या गळ्यात पडायचं. आम्हा बायकांना शिक्षणाबद्दल मत असेल असा संशय कुणाला आला नव्हता, त्यामुळे आम्हाला रांगोळी, स्वागतगीत किंवा आभार, यातलं एक निवडायचं असे. माझा गळा बसका आणि रांगोळी वाकडी. मी वर्षानुवर्षं आभार मानत आले होते. मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, ज्ञात-अज्ञात हातांचे.

विषय होता ‘शिक्षण कशासाठी?’. हॉल गच्च भरला होता. दहावीच्या मुलींना काठपदराच्या साड्या नेसवून दारात उभं केलं होतं, गुलाबपाणी शिंपडायला. माझी ती मुलगीही ताट धरून उभी. आत प्रत्येकाला नव्यानं मिळू लागलेल्या गार कोलाची बाटली दिली जात होती, आणि एक वक्ते ती हातात धरून परदेशी कंपन्यांच्या आक्रमणाविरुद्ध बोलत होते.

पुण्याचे साहेब म्हणाले, शिक्षण म्हणजे स्किल. ज्याला बाजारात किंमत नाही ते शिक्षण नव्हे. टाळ्या. दुसरे एक सद्गृहस्थ म्हणाले, शिक्षण म्हणजे संस्कार, बाजाराचं नाव काढाल तर सरस्वती रुसेल. पुन्हा टाळ्या, त्याच लोकांच्या. कुणी म्हणालं, परीक्षाच रद्द करा. दारातल्या मुली एकदम सावरून उभ्या राहिल्या. पण तो नुसता विचार होता.

मग अध्यक्ष उठले. निवृत्त न्यायाधीश. आयुष्यभर निकाल देऊन देऊन दमलेले असावेत, कारण निवृत्तीनंतर त्यांनी एकदाही कशाचाही निकाल दिलेला मी ऐकला नाही. दोन्ही बाजू तितक्याच बरोबर आहेत, असं त्यांनी पाऊण तास सांगितलं. नंतर चिटणीस म्हणाले, “आता बाई आभार मानतील,” आणि लोक चपला शोधायला लागले.

मी काही ठरवून गेले नव्हते. माझ्या हातात नेहमीचा कागद होता, मंडपवाला, माइकवाला. पण समोर पाहिलं तर ज्या जागी माझा फळा असायचा तिथं एक जाडजूड गृहस्थ पाय पसरून जांभई देत होते, आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

मी म्हटलं, “ज्यांच्याशिवाय हा कार्यक्रम होऊच शकला नसता, त्या दहावीच्या वर्गाचे मी सर्वप्रथम आभार मानते.”

टाळ्या पडल्या. आपल्याकडे ‘आभार मानते’ म्हटलं की हात आपोआप हलतात, आधी काय म्हटलं ते ऐकण्याची गरज नसते.

“परीक्षा तोंडावर असताना या मुलांनी आपला वर्ग दिला आणि आपला फळाही दिला. दिवाळीपासून ती व्हरांड्यातल्या फरशीवर भूमिती शिकत आहेत. आपण आत येताना ज्या आकृत्या तुडवून आलात त्या त्यांच्या होत्या. तुडवल्याबद्दलही आपले आभार.”

आता टाळ्या जरा अडखळल्या. चपला शोधणारे थांबले. चिटणीस माझ्याकडे बघून डोळे मिचकावायला लागले, आवरा म्हणून. मी त्यांना गोड हसून दाखवलं. थांबणार कुठली? आभार चालू होते.

“यातली एक मुलगी गणितात मागे आहे. नापास झाली तर या शहरात तिला मराठीतून गणित शिकवणारं दुसरं कुणी नाही. शिक्षण कशासाठी, याचं उत्तर आपण इथं तीन तास शोधलंत. तिला ते माहीत आहे. तिला फक्त फळा हवा आहे. आणि म्हणूनच, सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आत स्वतः जातीनं येऊन हे पार्टिशन परत बसवून द्यायचं ज्यांनी मनोमन ठरवलेलं आहे, ते आपले माननीय अध्यक्ष, माननीय चिटणीस आणि आजचे प्रमुख वक्ते, या तिघांचे मी आपल्या सर्वांच्या वतीनं आगाऊ आभार मानते!”

मागून, बायकांच्या बाजूनं, टाळ्या सुरू झाल्या. अशा सुरू झाल्या की थांबेनात. पुढच्या रांगेलाही वाजवाव्या लागल्या. अध्यक्षांना काही कळलं नसावं, पण आपलं नाव आलं एवढं ऐकून त्यांनी हात जोडले. झालं! जाहीर आभार स्वीकारले गेले होते. आता नाही म्हणायची कुणाची टाप होती?

सोमवारी तिघंही आले, बरं का. पुण्याच्या साहेबांनी टाय शर्टाच्या खिशात खोचला होता. अध्यक्ष खुर्चीत बसून, या फळीचं म्हणणं बरोबर आणि त्याही फळीचं, असं सांगत राहिले. चिटणिसांनी पहिल्या झटक्यालाच दहावीचा फळा नववीकडे तोंड करून लावला. पुन्हा काढला, तर उलटा लागला. शेवटी सुताराला बोलावणं धाडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो ‘कल’ न म्हणता लगेच आला. तिघांकडे बघून तो इतका हसला की त्याला स्क्रू धरवेना. मुलं दारात उभी राहून बघत होती. मला इतका आनंद झाला होता की मी सगळ्यांना पदरचे समोसे खिलवले, चिटणिसांनासुद्धा.

त्या दिवशी पहिल्याच तासाला तिला उभी केली. खडू दिला. तिनं आधी तळहातानं फळा पुसला, उगाचच, आणि मग वर्तुळ काढलं. मालेचे उरलेले शनिवार भाड्याच्या हॉलमध्ये गेले, आणि मार्चपर्यंत ती रोज फळ्यापाशी होती. मधल्या सुट्टीतसुद्धा डबा घाईघाईनं संपवून उभी राहायची आणि बाकीच्यांना शिकवायची.

ती सुटली. गणितात काठावर नव्हे, चांगली सुटली. निकालाच्या दिवशी मी देवाला नारळ फोडला, आणि मी देवाला सहसा त्रास देत नाही.

इकडे संस्थेनंही माझ्या आभारांचा अगदी मनापासून विचार केला होता. पार्टिशनची अडचण सर्वांना पटली होती. शिक्षणाच्या भवितव्यावर इतके महिने मंथन झालं, त्यातून काही निष्पन्न व्हायलाच हवं होतं. ते असं झालं: जूनपासून मराठीची आठवी उघडायची नाही. नववी आणि दहावी आहेत ती मुलं बाहेर पडेपर्यंत चालवायची. रिकाम्या होणाऱ्या वर्गात इंग्रजी माध्यम आणि कॉम्प्युटर. पार्टिशनच्या जागी पक्की भिंत. ठराव एकमतानं झाला. पुण्याच्या साहेबांचा गळा तेव्हाही दाटून आला होता, असं ऐकलं. मला बैठकीला बोलावलं नव्हतं. आभारप्रदर्शनही ठेवलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी ती पेढे घेऊन आली. मागे धाकटी बहीण. गावाकडे सातवी झालेली. मोठीचाच गणवेश आत टिपा घालून तिच्या अंगावर बसवला होता, दोन वेण्यांना नव्या रिबिनी. मोठी म्हणाली, “बाई, हिला बी तुमच्याच हाताखाली द्यायचं म्हणलेत बाबा. मी केलं तसं हीबी करती की.”

मी पेढा परत पुड्यात ठेवला. मी सांगितलं. मोठीला कळलं, तिचा चेहराच उतरला. धाकटीला नाही कळलं. ती म्हणाली, “मग मी कुठल्या वर्गात बसू?”

मी तिला नेऊन माझ्या दहावीत, पुढच्या बाकावर बसवलं. हजेरीत नाव नाही, कागदावर प्रवेश नाही, पण बसवलं. चिटणीस दारावरून दोनदा गेले, काही बोलले नाहीत. मीही वाट बघत होते त्यांनी बोलायची. आमची दहावी प्रमेयं करायची आणि ती त्यातलं काही न कळता वहीत सुबक वर्तुळं काढत बसायची. मला वाटत होतं, असं बसवून ठेवलं तर एक दिवस आठवी आपोआप होईल. वेडेपणा, दुसरं काय!

आठवड्याभरानं वडील आले. घराजवळ इंग्रजी शाळा मिळाली होती. एक वर्ष मागे, सातवीतच बसवणार होते. त्यांनी तिचं दप्तर उचललं, तिला माझ्या पाया पडायला लावलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, “मोठीचं झालं बाई. तुम्ही लई केलं आमच्यासाठी.”

माणूस खरंच मनापासून आभार मानत होता, आणि मला ते ऐकवत नव्हतं. धाकटीनं फाटकापाशी वळून मला विचारलं, “बाई, तिथं मला काही कळलं नाही तर कुणाला विचारू?” मी म्हटलं, मला येऊन विचार. कुकटपल्लीच्या पुढून, दोन बस बदलून. ती “हो” म्हणाली. ती कधी आली नाही.